पाण्यावर पेटणारी भट्टी: हायड्रोजनविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या दोन महिन्यांत एकच संदेश माझ्याकडे चार वेगवेगळ्या गटांतून आला. पहिल्या तीन वेळा मी तो वाचला आणि सोडून दिला, कारण प्रत्येक चुकीच्या संदेशाला उत्तर देत बसायचे तर निवृत्तीनंतरचे आयुष्य त्यातच संपेल. चौथ्यांदा तो माझ्या मावसभावाकडून आला. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे फोर्जिंगचे, म्हणजे पोलाद तापवून घडवण्याचे, लहान युनिट आहे, आणि संदेशाखाली त्याने लिहिले होते, ‘दादा, तुझं सगळं आयुष्य हायड्रोजनमध्येच गेलं. हे किट घेऊ काय? शनिवारपर्यंत ॲडव्हान्स भरला तर सूट आहे म्हणतात.’ खतांच्या कारखान्यातील अमोनिया विभागात मी जवळपास तीन दशके काढली, आणि अमोनिया हायड्रोजनपासूनच बनतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. त्याला फोनवर दिलेले उत्तर इथे जरा विस्ताराने लिहीत आहे, कारण त्याच्यासारखे कारखानदार त्या वसाहतीत शेकड्यांनी आहेत आणि हे किट विकणारा एजंट त्यांच्याकडेही जाणारच आहे.

संदेशात काय म्हटले आहे ते आधी सांगतो. पाण्यात हायड्रोजन अमाप आहे, म्हणून हे इंधन फुकट आहे. तो जळला की फक्त पाणी उरते, म्हणून प्रदूषण शून्य. युरोपात हायड्रोजनवर पोलाद तयार होऊ लागले आहे आणि २०३० पर्यंत भारतातील पोलाद, सिमेंट व खतांचे सर्व कारखाने कोळसामुक्त होतील. हे नवे तंत्र तेल कंपन्यांनी इतकी वर्षे दडपून ठेवले आणि ते शोधणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञाला विष घालून मारले. आणि शेवटी, ज्यासाठी हे सगळे रचले आहे ती ओळ: सरकारी योजनांची वाट न पाहता लहान कारखानदारांनी आपल्या भट्टीला आजच ‘हायड्रोजन किट’ बसवावे, एक लिटर पाण्यावर ते दिवसभर चालते आणि तेलाची ४० टक्के बचत होते.

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांमुळे फार तर ज्ञान बिघडेल, या ओळीमुळे पैसे जातील आणि कदाचित माणूसही जाईल.

पाणी हे इंधन नाही. हायड्रोजन जळून गेल्यावर जे उरते ते पाणी, म्हणजे ती हायड्रोजनची राखच म्हणायची. चुलीतल्या राखेपासून पुन्हा लाकूड करायचे झाले तर जेवढी उष्णता लाकडाने दिली होती तेवढी तरी आपल्याला परत घालावी लागेल, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागेल. एक किलो हायड्रोजन मिळवण्यासाठी नऊ किलो पाणी विजेने फोडावे लागते आणि त्यासाठी आजच्या चांगल्या इलेक्ट्रोलायझरलाही, म्हणजे पाणी फोडणाऱ्या यंत्रालाही, ५० ते ५५ युनिट वीज लागते. तोच एक किलो हायड्रोजन जाळला की भट्टीला उपयोगी पडणारी उष्णता मिळते सुमारे ३३ युनिट (उष्णताही विजेच्याच युनिटात, म्हणजे किलोवॅट-तासांत, मोजली आहे). हा व्यवहार ज्याला फायद्याचा वाटतो त्याने आपल्या गल्ल्यातून रोज पन्नास रुपये काढून तेहतीस परत टाकावेत आणि वर्षाअखेरीस शिल्लक मोजावी.

आता ‘एक लिटर पाणी दिवसभर’ हा दावा घ्या. एक लिटर पाण्यात हायड्रोजन असतो सुमारे १११ ग्रॅम. तो शेवटच्या कणापर्यंत वेगळा काढला आणि पूर्ण जाळला, तरी त्याची उष्णता होते ३.७ युनिट, म्हणजे साधारण ३५० मिलिलिटर फर्नेस ऑइल जाळल्यावर मिळते तेवढी. मावसभावाची भट्टी तासाला ३० लिटर तेल पिते. त्याच्या दिवसभराच्या कामासाठी चहाच्या तीन-चार पेल्यांत मावेल इतके तेल पुरेल असे कोणी त्याला सांगितले असते, तर त्याने त्या माणसाला चहासुद्धा पाजला नसता. पण तेच ‘पाणी’ आणि ‘हायड्रोजन’ या शब्दांत गुंडाळून आले, सोबत रंगीत पत्रक आले, आणि विश्वास बसला.

४० टक्के बचतीचेही गणित करून पाहू. तासाला १२ लिटर तेल वाचवायचे म्हणजे सुमारे १२५ युनिट उष्णता दुसरीकडून आणायची. तेवढ्यासाठी तासाला पावणेचार किलो हायड्रोजन लागेल, आणि तो तयार करायला जवळपास १९० युनिट वीज व ३४ लिटर पाणी लागेल. त्या पत्रकातील किट १० किलोवॅटचे आहे. म्हणजे तासाला १० युनिट वीज खाऊन, जगातील उत्तमातील उत्तम इलेक्ट्रोलायझरइतके ते कार्यक्षम आहे असे मानले तरी, ते २०० ग्रॅम हायड्रोजन देईल, आणि त्याने फार तर ६०० ग्रॅम तेल वाचेल. मावसभावाच्या बिलात विजेचा दर युनिटला नऊ रुपयांच्या आसपास पडतो आणि तेलाला तो किलोमागे पन्नासच्या आसपास मोजतो. तेव्हा तीस रुपयांचे तेल वाचवायला तो नव्वद रुपयांची वीज जाळणार. शिवाय ही वीज महावितरणच्या तारेतून येणार. आपल्या देशात सरासरी एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे १० युनिटांमागे ७ किलो. वाचलेल्या ६०० ग्रॅम तेलातून जेमतेम १.९ किलो गेला असता. पर्यावरणासाठी म्हणून बसवलेले यंत्र कार्बनचे उत्सर्जन साडेतीन पटींहून अधिक वाढवते, हे त्या पत्रकावरच्या हिरव्या पानाच्या चित्राखाली छापायला हवे होते.

‘किट तेलाचे ज्वलन सुधारते, म्हणून बचत हायड्रोजनच्या उष्णतेपेक्षा जास्त होते’ असा बचाव एजंटाने केला. नीट जुळवलेल्या बर्नरमध्ये तेल जवळजवळ पूर्ण जळतेच. भट्टीतील नुकसान होते ते धुराड्यातून जाणाऱ्या तप्त वायूंमुळे, फाटलेल्या अस्तरामुळे आणि सारख्या उघडल्या जाणाऱ्या दारामुळे. न जळलेले तेल ४० टक्के असते, तर शिरोलीचे आकाश काजळीने काळे झाले असते. किट बसवताना एजंटाचा माणूस बर्नरचा हवा-तेल मेळ नव्याने जुळवून देतो, त्याने थोडी बचत दिसतेही, आणि तिचे श्रेय किटला मिळते. तेवढेच काम कोणताही चांगला बर्नर मेकॅनिक एका दुपारात करून देईल.

आता धोक्याविषयी. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी पेटतो, आणि तो पेटवायला लागणारी ठिणगी इतकी क्षीण असते की कपड्यांच्या घर्षणातून निर्माण होणारी स्थिर वीजही पुरते. ही किटे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढत नाहीत. दोन्ही एकाच नळीतून, पेटण्यासाठी अगदी योग्य प्रमाणात मिसळलेले बाहेर येतात. बर्नरची ज्योत उलटी फिरली तर नळीतून मागे किटपर्यंत पोहोचायला तिला हवेचीही गरज नाही. आमच्या विभागात हायड्रोजनच्या गळतीला जेवढे घाबरत, तेवढे दुसऱ्या कशालाच घाबरत नसत, कारण शुद्ध हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. या धंद्यातली जुनी माणसे संशयित गळतीकडे जाताना लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालत आणि झाडू पेटला की थांबत. पत्र्याच्या शेडमध्ये, वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असताना, प्लास्टिकच्या नळ्या लावून हा वायू कोणी वापरावा असे सुचवणाऱ्याला मी विक्रेता म्हणणार नाही. दाबाखालील वायूंच्या साठवणीवर देखरेख करणाऱ्या, नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे नावही पत्रकात नव्हते. ‘साठवण नाही, जागेवरच तयार होतो, म्हणून परवाना लागत नाही’ असे एजंटाने सांगितले होते. परवान्याविना विकता येते एवढ्याने वस्तू सुरक्षित ठरत नाही.

तेल कंपन्यांच्या कारस्थानाचा मुद्दा मी दोन परिच्छेदांत संपवतो. संदेशातील अमेरिकन ‘शास्त्रज्ञ’ म्हणजे ओहायोचा स्टॅन्ली मेयर. पाण्यावर चालणारी गाडी दाखवून त्याने लोकांकडून पैसे घेतले, त्यांपैकी दोघांनी खटला भरला, आणि १९९६ मध्ये न्यायालयाने ती ढळढळीत फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले. तो १९९८ मध्ये वारला. शवविच्छेदनात मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याचे निघाले, विष निघाले नाही. आपल्याकडेही त्याच १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिल्लैने पाण्यात पाला उकळून पेट्रोल बनवून दाखवले होते, भलेभले भुलले होते, आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

शिवाय हायड्रोजन दडपण्यात तेल कंपन्यांचा फायदा तो कोणता? त्या स्वतःच या वायूच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी आहेत. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे ‘भारत स्टेज ६’ हे निकष लागू झाले आणि पेट्रोल-डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आली. हे गंधक हायड्रोजन वापरूनच काढतात. माहुलपासून पानिपतपर्यंतच्या प्रत्येक रिफायनरीत त्याचे मोठे विभाग आहेत.

तंत्र नवे आहे हेही खरे नाही, आणि इथे मला जरा थांबावेसे वाटते. पंजाबात नांगल येथे १९६१ मध्ये सुरू झालेला सरकारी खत कारखाना भाक्रा धरणाच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन तयार करत असे आणि त्यापासून अमोनिया बनवत असे. आज ज्याला ‘हरित हायड्रोजन’ म्हणतात तो हाच, साठ वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्याच जोडीला १९६२ मध्ये देशातील पहिला जड पाण्याचा (अणुभट्ट्यांत वापरल्या जाणाऱ्या पाण्याचा) प्रकल्प उभा राहिला. पुढे तो खत कारखाना फ्युएल ऑइलवर आणि अखेरीस नैसर्गिक वायूवर गेला. त्याला कोणी दडपले नाही. विजेला दुसरीकडे जास्त मागणी होती आणि तेल-वायूपासून हायड्रोजन स्वस्त पडत होता, एवढेच. आमच्या पिढीतल्या अमोनियावाल्यांना हे माहीत होते; कोणाला त्यात क्रांती दिसली नव्हती.

‘जळल्यावर फक्त पाणी, म्हणून प्रदूषण शून्य’ या विधानात अर्धे सत्य आहे. ज्योतीपुरते ते बरोबर आहे, तेही हवेतील नायट्रोजनपासून होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे सोडून देऊन. प्रश्न हायड्रोजन जळताना काय होते हा नसून तो तयार होताना काय झाले हा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था दरवर्षी जगातील हायड्रोजनचा आढावा प्रसिद्ध करते. तिच्या २०२४ च्या आढाव्यानुसार २०२३ मध्ये जगाने सुमारे ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजन वापरला, आणि त्यातील कमी उत्सर्जनाचा भाग १० लाख टनांपेक्षाही कमी होता. बाकी सगळा नैसर्गिक वायू, कोळसा आणि तेलापासून काढलेला. त्या उत्पादनातून हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे ९२ कोटी टन. या एका आढाव्यावर मी बराच भार टाकतो आहे हे मान्य आहे. पण संदेशाच्या मागे एकही आकडा नाही, आणि या आढाव्याचे आकडे देशोदेशींच्या सरकारांकडून व कंपन्यांकडून गोळा केलेले असतात. तेव्हा उद्योगांना स्वच्छ करायला निघालेला हायड्रोजन आज स्वतःच एक मोठा अस्वच्छ उद्योग आहे, आणि पहिले काम त्यालाच धुण्याचे आहे.

आमच्या विभागात एक किलो हायड्रोजनमागे साधारण दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होई, कारण आम्ही तो नैसर्गिक वायू आणि वाफेपासून काढत असू. हाच हायड्रोजन आजच्या सरासरी भारतीय विजेने पाणी फोडून काढला तर ५० युनिटांमागे ३५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे साडेतीन पट. इलेक्ट्रोलायझर बसवला की हायड्रोजन आपोआप हिरवा होत नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार एक किलो हायड्रोजनमागे जास्तीत जास्त २ किलो उत्सर्जन चालते, आणि पाणी फोडून हायड्रोजन काढताना ती अट सौर, पवन किंवा तत्सम विजेनेच पाळता येते. त्यातच हायड्रोजन गळतो, आणि गळलेला हायड्रोजन वातावरणातील मिथेनचे आयुष्य वाढवून अप्रत्यक्षपणे तापमान वाढवतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा परिणाम वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अकरा-बारा पट धरला जातो. अतिशय लहान रेणू असलेला हा वायू कोठून कसा निसटतो, हे ज्याने फ्लॅंज, म्हणजे नळ्यांचे सांधे, घट्ट करण्यात रात्री घालवल्या आहेत त्याला विचारावे.

राहिला पोलादाचा मुद्दा, आणि इथे मला नाइलाजाने मान्य करावे लागते की संदेश लिहिणाऱ्याने कोठेतरी खरी बातमी वाचली होती. स्वीडनमध्ये लुलेओ येथे ‘हायब्रिट’ हा पथदर्शी प्रकल्प ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाला आणि त्याच्या हायड्रोजनपासून झालेले पहिले पोलाद एका वर्षाने व्होल्व्हो कंपनीला दिले गेले. ही कसली जादू नव्हे, शाळेतली रसायनशास्त्राची समीकरणे आहेत. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन. झोतभट्टीत कोकमधील कार्बन तो ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. एक टन पोलादामागे असा सुमारे दोन टन वायू हवेत जातो. कार्बनच्या जागी हायड्रोजनने ऑक्सिजन ओढला तर पाणी होते. इथे हायड्रोजन उष्णतेसाठी जाळलेला नाही, तो क्षपणाचे, म्हणजे खनिजातून ऑक्सिजन काढून घेण्याचे, काम करतो, आणि ते काम विजेच्या तारेला थेट करता येणे आज तरी अवघड आहे. म्हणून लोखंडासाठी हायड्रोजन हा खरा पर्याय आहे. माझ्या मावसभावाच्या भट्टीला खनिजातून ऑक्सिजन काढायचा नाही, तयार पोलादाचा तुकडा लाल करायचा आहे. दोन्हींना ‘भट्टी’ म्हणतात, एवढेच साम्य, आणि त्या साम्यावरच संदेश उभा आहे.

पण ‘२०३० पर्यंत सर्व कारखाने’ हे मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही. एक टन पोलादासाठी या पद्धतीने ५० किलोच्या आसपास हायड्रोजन लागतो. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले, त्याचे २०३० चे उद्दिष्ट वर्षाला ५ लाख टन हायड्रोजनचे आहे. ५ लाख टनांना ५० किलोने भागले की १ कोटी टन पोलाद होते, आणि रायगड जिल्ह्यातील डोलवीच्या एकट्या कारखान्याची क्षमता वर्षाला १ कोटी टन आहे. म्हणजे राज्याने ठरवलेला सगळा हायड्रोजन, रिफायनरीला आणि खताला एक किलोही न देता, एका कारखान्यात संपेल. तो तयार करायला २,५०० कोटी युनिट वीज लागेल, म्हणजे नुसत्या सौरऊर्जेवर अंदाजे १५,००० मेगावॅटची पॅनेले फक्त त्यासाठी. चंद्रपूरकडच्या कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या (खनिजापासून कच्चे लोखंड करणाऱ्या) भट्ट्या या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

युरोपातही चित्र संदेशात आहे तसे नाही. आर्सेलरमित्तलने जून २०२५ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन आणि आयझेनहुटनश्टाट येथील हायड्रोजनसाठी आखलेले प्रकल्प सोडून दिले. सरकार १३० कोटी युरोची मदत द्यायला तयार असूनही हिशेब जमत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. आपल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला ४ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्याचा एकूण खर्च १९,७४४ कोटी रुपये आहे, आणि त्यात पोलादाच्या पथदर्शी प्रकल्पांसाठी ठेवलेली रक्कम ४५५ कोटी. सरकारनेच पोलादाला चाचणीच्या रांगेत बसवले आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

सिमेंटविषयी दोनच वाक्ये पुरेत. सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून मोठा भाग, साधारण ६० टक्के, इंधनाचा नसून चुनखडी भाजताना तिच्यातूनच बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू निघणार तो खाली कोळसा जाळा, हायड्रोजन जाळा, नाहीतर कापूर. त्यामुळे संदेशात सिमेंटचे नाव कशाला आले ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

खताचा मुद्दा माझ्या घरचा, म्हणून त्यात संदेशाला थोडे जास्त माप देतो. अमोनियाला हायड्रोजन लागतोच, एक टनाला सुमारे १७७ किलो, आणि तो कोठून आला याच्याशी उत्प्रेरकाला काही देणेघेणे नसते. म्हणून हरित हायड्रोजनची सर्वांत सरळ जागा इथेच आहे. सौरऊर्जा महामंडळाने, म्हणजे ‘सेकी’ने, २०२५ मध्ये केलेल्या लिलावांत हरित अमोनियाचे दर किलोला साधारण ५० ते ६५ रुपयांच्या दरम्यान आले. मी नोकरीत असताना कोणी असे दर सांगितले असते तर मी हसलो असतो. पण तो अमोनिया मुख्यतः डीएपी आणि संयुक्त खतांच्या कारखान्यांसाठी आहे, आणि त्याचे कारण संदेशवाल्यांना माहीत असण्याची शक्यता नाही. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो, एका टनाला सुमारे ७३० किलो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना तो फुकट हाताशी येतो आणि शेजारच्या युरिया विभागात जातो. हायड्रोजन पाण्यापासून काढला की हा कार्बन डायऑक्साइड बंद, मग तो दुसऱ्या कुठल्या धुराड्यातून पकडून आणायचा. आणि तोही शेवटी शेतात युरिया विरघळला की हवेत जायचाच. शेतकऱ्याच्या सवयीतला युरिया तसाच ठेवून ‘कार्बनमुक्त खत’ मिळेल असे म्हणणे म्हणूनच फसवे आहे. त्यासाठी खताचा प्रकारच बदलावा लागेल.

मग मावसभावाने काय करायचे, हा प्रश्न त्याने विचारलाच, आणि तो रास्त होता, कारण तेलाचे बिल खरे आहे आणि त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांनी उत्सर्जनाची विचारणा सुरू केली आहे हेही खरे आहे. माझे उत्तर साधे होते. पोलादाचा तुकडा तापवायचा असेल तर वीज थेट वापर. इंडक्शनची भट्टी तुकड्याच्या आतच उष्णता निर्माण करते, पृष्ठभागावर जळलेल्या लोखंडाची पपडी कमी येते, आणि वीज आधी हायड्रोजनमध्ये घालून मग जाळण्यात जो तिसरा हिस्सा वाया जातो तो वाचतो. विजेतला कोळसा जसा कमी होत जाईल तसा तिचा कार्बनही कमी होईल, आणि छतावर पॅनेले बसवली तर काही भाग आजच. ते आत्ता परवडत नसेल तर अस्तर दुरुस्त कर, धुराड्याच्या उष्णतेने बर्नरची हवा तापवणारा रिक्युपरेटर बसव आणि दार बंद ठेवायला माणसांना शिकव. किटच्या निम्म्या पैशांत हे होईल. नैसर्गिक वायूच्या लाइनमध्ये हायड्रोजन मिसळणार आहेत असे ऐकले, त्याची वाट पाहू का, असेही त्याने विचारले. आकारमानाने २० टक्के हायड्रोजन मिसळला तरी तो हलका असल्याने उष्णतेत त्याचा वाटा थोडाच असतो आणि कार्बनचे उत्सर्जन जेमतेम ७ टक्के कमी होते, तेव्हा त्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

त्याने एजंटाला माझ्या सांगण्यावरून एकच गोष्ट लेखी मागितली: किटला वेगळा वीजमीटर लावायचा, तेलाच्या टाकीला मापपट्टी लावायची, महिनाभर प्रत्येक टन मालामागे किती तेल आणि किती युनिट लागले ते दोघांनी मिळून नोंदवायचे, आणि बचत ४० टक्क्यांऐवजी १० टक्के दिसली तरी पूर्ण पैसे द्यायचे. दोन दिवसांनी उत्तर आले. त्यात लेखी हमी नव्हती, तोच संदेश पुन्हा होता, आणि या वेळी वर एक छायाचित्र जोडले होते: मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी हायड्रोजनवरच्या टोयोटा मिराई गाडीतून संसदेत जात असतानाचे. त्या गाडीत पाणी भरत नाहीत. दुसरीकडे तयार केलेला साडेपाच किलोच्या आसपास हायड्रोजन तिच्या टाक्यांत ७०० बार दाबाने भरावा लागतो.

मावसभावाने तो नंबर बंद केला आहे. एजंट आता त्याच्या शेजारच्या शेडमध्ये बसतो, असे काल त्याने कळवले, म्हणून हे सगळे लिहून काढले. शेजाऱ्याला पाठवायला त्याच्याकडे काहीतरी असावे.